धुरावर सुकविलेलें मांस आणि रेड नदीचें मिशन

मोशेबरोबर अरण्यांतून चाललेल्या इस्राएल लोकांनीं मान्न्याला कंटाळून मांसासाठीं आक्रोश केला, तेव्हां परमेश्वरानें समुद्राकडून वारा सोडून त्यांच्या छावणीभोवतीं लावे पक्ष्यांचा खच पाडला, असें गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे. लोकांनीं दोन दिवस व मधली सारी रात्र पक्षी गोळा केले, आणि ते छावणीच्या सभोंवार पसरून ठेविले. हें पसरणें म्हणजे मांस उन्हांत वाळविणें होय, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार करितात. पुढें त्या लोकांवर मरी आली आणि त्या जागेस ‘हांवेचीं थडगीं’ या अर्थाचें नांव पडलें. मांस वाळविण्यांत दोष नव्हता. दोष होता तो गरज सोडून गोळा करण्यांत. पवित्र शास्त्रांतील हा जुना प्रसंग मनांत ठेवून वाचकांनीं पुढील इतिहास वाचावा, अशी आमची विनंती आहे.

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाची पायाभरणी, पूर्वीचे विगार, शाळा, मंडळें व उदार देणगीदार यांचा वृत्तांत द्यावा, ही रीत आहे. तो भाग इतर लेखकांकडे सोंपवून आम्हीं एका दूरच्या मिशनची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे, आणि तीही त्या मिशनच्या चुलीच्या बाजूनें. कारण पॅरिशचा इतिहास केवळ दगड-चुन्यांत नसतो. लोक काय खात होते, तें कोणाच्या हातांनीं तयार होत होतें, आणि तें संपलें तेव्हां काय झालें, यांतही तो असतो. साठवणीचा हा विषय आपल्या लोकांस परका नाहीं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या बेगमीसाठीं बोंबील, सोडे व सुकट वाळवितात. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत डुकराचें मांस मीठ, मिरची व शिर्का लावून आंतड्यांत भरतात आणि तो चोरिस चुलीवरच्या धुरांत टांगतात. गोमांसाविषयीं एवढेंच नमूद करितों कीं, महाराष्ट्रांत गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही २०१५ सालापासून कायद्यानें बंदी आहे. म्हणून येथें जें सांगितलें आहे तें परदेशांतील प्रघात म्हणून वाचावें.

सुकविलेल्या मांसाला इंग्रजींत जें ‘जर्की’ असें नांव आहे, तें मूळचें इंग्रजी नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत राहणाऱ्या केचुआ भाषिक लोकांचा ‘चार्की’ हा शब्द स्पॅनिश लोकांनीं उचलला, आणि तेथून तो इंग्रजींत आला. त्या उंच पठारावर रात्रीं कडक थंडी व दिवसां कोरडें ऊन असतें, त्यामुळें लामा या जनावराचें मांस तेथें सहज सुकतें. जेज्वीट धर्मगुरू फादर होसे दे आकोस्ता यांनीं १५९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या टिकाऊ मांसाचा उल्लेख केला आहे. वेस्ट इंडीज बेटांकडे मात्र हवा दमट. तेथें नुसत्या उन्हानें काम भागत नाहीं. तेथील मूळ रहिवासी हिरव्या काठ्यांची माची करून तीखालीं मंद विस्तव ठेवीत व मांस धुरावर सुकवीत. कोलंबसानें १४९३ सालच्या सफरींत हिस्पानिओला बेटावर गुरें नेलीं. तीं रानांत सुटून वाढलीं. सतराव्या शतकांत त्या रानगुरांची शिकार करून त्यांचें मांस धुरावर सुकविणारे लोक त्या बेटावर राहूं लागले. माचीला फ्रेंच लोक ‘बूकाँ’ म्हणत, म्हणून हे शिकारी ‘बूकानिये’ झाले. पुढें त्यांच्यांतील पुष्कळांनीं चांचेगिरी पत्करल्यामुळें तेंच नांव समुद्रावरील लुटारूंस चिकटलें.

या क्रियेमागील कारण साधें आहे. चरबी नसलेल्या ताज्या मांसांत चार भागांपैकीं जवळजवळ तीन भाग पाणी असतें, आणि मांस कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यावांचून वाढूं शकत नाहींत. मांस पातळ कापलें कीं वारा व ऊब यांच्या योगानें त्यांतील पाणी लवकर निघून जातें. मीठ लाविल्यास तें पाणी ओढून घेतें. धूर तीन कामें करितो : माश्यांस दूर ठेवितो, मांसाच्या पृष्ठभागावर जंतूंस मारक असे पदार्थ बसवितो, आणि चरबी खवट होण्यास विलंब लावितो. तरीही चरबी हाच या साठवणीचा शत्रू आहे. ती सुकत नाहीं, आणि हवेनें खवटते. म्हणून सर्व देशांतील शहाण्या गृहिणी चरबी काढून टाकून निव्वळ मांसच सुकवावयास घेतात.

आतां ज्या मिशनविषयीं सांगावयाचें तें उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं, रेड नदीच्या कांठीं, सांप्रतच्या कॅनडांतील विनिपेग शहराजवळ आहे. त्या प्रदेशांत पश्चिमेकडे क्षितिजापर्यंत गवताचीं मैदानें पसरलेलीं होतीं, आणि त्यांवर बायसन म्हणजे तेथील रानगवे यांचे प्रचंड कळप चरत असत. युरोपीय लोक येण्यापूर्वीं सगळ्या खंडांत या जनावरांची संख्या तीन ते सहा कोटी असावी, असा अंदाज करितात. क्री, ओजिब्वे, असिनिबोइन इत्यादि मूळ रहिवासी या गव्यांचें मांस सुकवून वर्षभर खात. केसाळ कातड्यांचा व्यापार करण्यास आलेल्या फ्रेंच व स्कॉटिश पुरुषांनीं त्यांच्या स्त्रियांशीं संसार मांडले, आणि त्या घरांतून ‘मेती’ नांवाचा एक नवा समाज उदयास आला. बापाकडून त्यांस बहुधा कॅथलिक धर्म व फ्रेंच भाषा मिळाली. आईकडून शिकार, घोडदौड आणि मांस सुकविण्याची विद्या मिळाली.

या मांसाची एक जात पुढें राजकारणाचा विषय झाली. तिचें नांव पेमिकन. क्री भाषेंत चरबीला जो शब्द आहे त्यापासून हें नांव निघालें आहे. सुकें मांस कुटून त्यांत वितळलेली चरबी कालवावयाची, आणि कातड्याच्या पिशवींत भरून ती शिवून टाकावयाची, अशी ही कृति. हवेचा संपर्क न राहिल्यामुळें तें वर्षानुवर्षें टिकत असे. होड्यांतून हजारों मैल व्यापाराचा माल वाहणाऱ्या नावाड्यांना वाटेंत शिकार करण्यास किंवा स्वयंपाक करण्यास वेळ नसे. पेमिकन हेंच त्यांचें मुख्य अन्न. त्यामुळें पेमिकन ज्याच्या हातीं त्याच्या हातीं व्यापार, अशी स्थिति झाली. लॉर्ड सेल्कर्क यांनीं रेड नदीवर वसविलेल्या वसाहतीचे गव्हर्नर मायल्स मॅक्डॉनेल यांनीं ८ जानेवारी १८१४ रोजीं हुकूम काढून तेथून पेमिकन बाहेर नेण्यास मनाई केली. वसाहतवाले उपाशी मरूं नयेत हा त्यांचा हेतु. परंतु मेतींच्या व नॉर्थ वेस्ट कंपनीच्या उपजीविकेवरच तो घाव होता. तंटा वाढत गेला. १९ जून १८१६ रोजीं सेव्हन ओक्स येथें चकमक झाली. तींत नवे गव्हर्नर रॉबर्ट सेंपल यांच्यासह वसाहतीचीं एकवीस माणसें आणि मेतींपैकीं एक माणूस मारला गेला.

या रक्तपातानंतर दोनच वर्षांनीं तेथें मिशन स्थापन झालें. सेल्कर्क स्वतः प्रॉटेस्टंट; तरी मेती लोकांची विनंती व वसाहतीची शांतता ध्यानांत घेऊन त्यांनीं क्वेबेकचे बिशप प्लेसी यांच्याकडे धर्मगुरूंची मागणी केली. १६ जुलै १८१८ रोजीं फादर जोसेफ-नोर्बेर प्रोवाँशे व फादर सेव्हेर द्यूमुलँ होडीनें रेड नदीवर उतरले. वसाहतींत जर्मन भाषा बोलणारे कांहीं शिपाई स्थायिक झाले होते, म्हणून मिशनला जर्मनांचे प्रेषित संत बोनिफास यांचें नांव दिलें. १८२२ सालीं प्रोवाँशे बिशप झाले. १८४४ सालीं माँट्रियलहून चार ग्रे भगिनी आल्या, आणि १८४५ सालीं ऑब्लेट संघाचे मिशनरी आले. हें सर्व होत असतां त्या मुलखांत शेती बेभरंवशाची होती. पूर, टोळ व अवेळीं पडणारें हिंव यांनीं पीक वारंवार बुडे. असें वर्ष आलें कीं वसाहतीचें लक्ष मैदानाकडे लागे, आणि सुक्या मांसाच्या गाड्या परत येत तेव्हां लोकांच्या जिवांत जीव येई.

ही शिकार म्हणजे चार माणसांनीं बंदुका घेऊन रानांत जाणें नव्हे; सबंध गांवच उठून निघत असे. अलेक्झांडर रॉस या समकालीन लेखकानें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें १८२० सालीं शिकारीस ५४० गाड्या निघाल्या होत्या. १८४० सालीं त्या १,२१० झाल्या, आणि त्यांबरोबर पुरुष, स्त्रिया व मुलें मिळून १,६३० माणसें होतीं. दोन लांकडी चाकांच्या या गाडींत लोखंडाचा खिळाही नसे, आणि आंसाला वंगण नसल्यामुळें तिचा कर्कश आवाज कोसभर ऐकूं येई. वाटेंत एक प्रमुख व त्याच्या हाताखालीं कप्तान निवडले जात, आणि नियम जाहीर होत. पहिला नियम असा कीं, रविवारीं गव्यांच्या मागें घोडा घालावयाचा नाहीं. सर्वांस आज्ञा होण्यापूर्वीं एकट्यानें पुढें जाऊन कळप उधळावयाचा नाहीं, हाही एक नियम होता. कायदेपंडित नसलेल्या या लोकांनीं प्रभूच्या दिवसाचा मान सर्वांत वर ठेविला, हें आम्हांस विशेष वाटतें.

धर्मगुरूही त्यांच्याबरोबर निघत. लोकच जर महिने महिने मैदानांत राहणार, तर देवळांत बसून विगारानें काय करावें? तंबूंत मिस्सा होई, मुलांस धर्मशिक्षण मिळे, आजाऱ्यांस अंत्याभ्यंग मिळे. १८५१ सालच्या जुलैंत ग्रां कोतो या टेकडीपाशीं मेतींच्या एका लहान तांड्याला डकोटा लोकांच्या मोठ्या फौजेनें वेढलें, तेव्हां फादर लुई-फ्रांस्वा लाफ्लेश गाड्यांच्या कोटांत हातीं क्रूस घेऊन लोकांस धीर देत उभे होते. हेच पुढें त्रवा-रिव्हिएरचे बिशप झाले. आतां कोणी विचारील कीं, शुक्रवारीं या लोकांनीं काय खाल्लें? मांसवर्ज्याचा नियम त्या काळीं कडक होता. परंतु ज्याच्यापाशीं दुसरें अन्नच नाहीं त्याला तो नियम बांधीत नाहीं, हें नीतिशास्त्राचें जुनें तत्त्व आहे. चर्चमाता उपास सांगते. उपासमार सांगत नाहीं.

१८४५ सालच्या शिकारीस फादर जॉर्ज-आंत्वान बेलकूर गेले होते. त्यांनीं त्या वेळीं लिहिलेल्या सविस्तर पत्रामुळें मांस सुकविण्याची सारी रीत आज आपणांस कळते. पुरुषांचें काम जनावर पाडून सोलण्यापर्यंत. तेथून पुढें सर्व कौशल्य स्त्रियांचें. मांसाचा मोठा गोळा घेऊन त्या तो कडेकडेनें कापीत उलगडीत जात, जसा गुंडाळलेला कागद उलगडावा तसा. म्हणजे त्याची पाव इंच जाडीची रुंद चादर होई. मग लांकडी दांड्यांच्या माच्या उभारून त्यांवर या चादरी वाळत घालीत. खालीं लहानशी शेकोटी धुमसत ठेवीत. विस्तव भडकला तर मांस भाजून निघेल, विझला तर माश्या बसतील, म्हणून कोणीतरी सतत लक्ष देई. चांगलें ऊन-वारें असल्यास दोन-तीन दिवसांत मांस वाळे. त्यांतील उत्तम भाग घडी करून गठ्ठे बांधीत. हेंच खरें सुकें मांस. तें तसेंच चावून खावें किंवा पाण्यांत शिजवावें.

उरलेला भाग पेमिकनसाठीं. तो पुन्हां विस्तवावर तापवून कुरकुरीत करीत आणि कातड्यावर पसरून झोडपण्यांनीं कुटीत, जसे आपण खळ्यावर धान्य झोडपतों. मोठ्या कढईंत चरबी वितळवून तींत हें कूट कालवीत. उत्तम प्रतीच्या पेमिकनांत रानांतील सुकीं बोरवजा फळें घालीत. हें मिश्रण ऊन असतांच केसांची बाजू बाहेर ठेवून शिवलेल्या कातड्याच्या पिशवींत ओतीत आणि तोंड घट्ट शिवून टाकीत. एक पिशवी सुमारें ९० रत्तल, म्हणजे ४१ किलो भरे. मेती तिला ‘तोरो’, म्हणजे बैल, असें थट्टेनें म्हणत. फादर बेलकूर यांच्या सोबतच्या तांड्यानें त्या सफरींत १,७७६ माद्या मारल्या, आणि त्यांपासून सुक्या मांसाचे १,२१३ गठ्ठे व पेमिकनच्या २२८ पिशव्या तयार झाल्या. यांतील प्रत्येक रत्तल स्त्रियांच्या हातांखालून गेलेलें होतें. वसाहतीच्या दप्तरांत शिकाऱ्यांचीं व कंपनीच्या अंमलदारांचीं नांवें सांपडतात. या स्त्रियांचीं बहुतेक सांपडत नाहींत. पण हिंवाळ्यांत मिशन जगलें तें त्यांच्या सुरीवर आणि त्यांच्या शेकोटीवर.

परदेशांत अजूनही अनेक घरांत गोमांस याच तत्त्वावर सुकवितात. चरबी काढलेलें मांस थोडें गोठवून घट्ट करितात, म्हणजे पातळ कापतां येतें. मग मीठ-मसाल्यांत रात्रभर मुरवून, कठीण लांकडाच्या मंद धुरावर किंवा यंत्रांत वाळवितात. राळ असलेलें किंवा रंग दिलेलें लांकूड कधींही वापरीत नाहींत. अमेरिकेच्या शेतकी खात्याचा सल्ला असा कीं, वाळविण्यापूर्वींच गोमांस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावें. कारण नुसत्या मंद उष्णतेनें सुकतांना कांहीं घातक जंतू जिवंत राहतात. आपल्या कोंकणी हवेंत तर अर्धवट वाळलेल्या वस्तूस दोन दिवसांत बुरशी धरते, हें येथील गृहिणींस सांगावयास नकोच.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू. जोंपर्यंत मांस घरासाठीं व शेजाऱ्यासाठीं सुकविलें जात होतें, तोंपर्यंत पोट भरलें कीं हात थांबत असे. पण कंपनीच्या होड्यांची भूक कधीं भागत नव्हती. रॉसनें १८४० सालच्या शिकारीचा हिशेब मांडला आहे, तो वाचून मन खिन्न होतें. एका वेळीं सुमारें २,५०० जनावरें मारलीं गेलीं. त्यांतून पेमिकनच्या ३७५ पिशव्या व सुक्या मांसाचे २४० गठ्ठे झाले. आणि त्याच्या मतें एवढ्या मालाला ७५० जनावरें पुरेशीं होतीं. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश मांस लांडग्यांना व गिधाडांना गेलें. एकीकडे मांसाची चिंधीही वायां न जाऊं देणारी गृहिणी, आणि दुसरीकडे बाजाराच्या घाईनें मैदानावर सडणारीं धुडें! दोन्ही गोष्टी एकाच छावणींत घडत होत्या, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

बाजारांत मेतींवरही अन्याय होत होता. हडसन बे कंपनीशिवाय दुसऱ्या कोणासही माल विकण्यास मनाई असल्यामुळें कंपनी देईल तोच भाव त्यांस घ्यावा लागे. फादर बेलकूर यांनीं त्यांची बाजू घेतली, आणि ९७७ लोकांच्या सह्यांचा अर्ज तयार करण्यास मदत केली; तो १८४७ सालीं लंडनला गेला. कंपनीच्या गव्हर्नरानें त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रार केल्यामुळें त्यांस रेड नदी सोडावी लागली. १८४८ सालापासून ते सरहद्दीपलीकडे पेंबिना येथें त्याच लोकांची सेवा करूं लागले. धर्मगुरूनें लोकांच्या भाकरीविषयीं बोलावें कीं नाहीं, हा प्रश्न आजही कधीं कधीं विचारला जातो. बेलकूर यांचें उत्तर त्यांच्या चरित्रांत आहे.

शेवट मात्र कोणाच्याही कल्पनेपेक्षां लवकर आला. १८७१ च्या सुमारास गव्यांच्या कातड्यापासून कारखान्यांसाठीं मजबूत चामडें करण्याची युक्ति सांपडली, आणि मैदानांत आगगाडी पोंचली. आतां मांसाचीही कोणास पर्वा उरली नाहीं. कातडें सोलावें आणि बाकीचें टाकून द्यावें, असा क्रम सुरू झाला. १८७९ पर्यंत कॅनडाच्या मैदानांतून कळप नाहींसे झाले. १८८९ सालीं विल्यम हॉर्नडे यांनीं मोजणी केली, तेव्हां सगळ्या उत्तर अमेरिकेंत सुमारें एक हजार गवे उरले होते. मूळ रहिवाशांत भयंकर उपासमार झाली. मेती पश्चिमेकडे सरकले, तेथेंही जमिनीच्या हक्कांवरून सरकारशीं झगडा झाला. १२ मे १८८५ रोजीं बातोश हें त्यांचें गांव पडलें, आणि १६ नोव्हेंबर रोजीं त्यांचा पुढारी लुई रिएल यास फांशीं दिलें. रिएलची समाधि आज सां बोनिफासच्या कॅथेड्रलच्या आवारांत आहे. देऊळ राहिलें, आर्चडायोसिस झाला, लोकांनीं शेती व इतर धंदे पत्करले. पण ज्या माच्यांवर एका सबंध समाजाचें वर्षाचें अन्न वाळत असे, त्या माच्या मैदानांतून गेल्या.

यापासून आम्ही एवढेंच घेतों. घरांतील काटकसर हा सद्गुण आहे, आणि तो आईच्या हातून मुलीच्या हातीं गेला पाहिजे. पण चुलीपाशीं कितीही जपून वापरलें तरी रानांत किंवा समुद्रांत बेसुमार उपसा चालला असेल, तर ती काटकसर एकटी पुरी पडत नाहीं. मेती स्त्रीनें मांस टिकविलें. कळप टिकविणें एकट्या तिच्या हातांत नव्हतें. आपल्या किनाऱ्यावरही हाच प्रश्न आहे. बोंबील वाळविण्याची विद्या आपल्या कोळी भगिनींस उत्तम अवगत आहे. परंतु पिलांसकट मासळी उपसणाऱ्या बारीक जाळ्यांपुढें ती विद्या काय करील? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. ती पुष्कळांस जाच वाटते. आम्हांस तींत रेड नदीच्या शिकाऱ्यांचा पहिला नियम दिसतो : अमुक दिवस जनावराच्या मागें जावयाचें नाहीं.

आणि ज्युबिली म्हणजे तरी काय? लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें आज्ञा केली कीं, सातव्या वर्षीं भूमीला विसांवा द्यावा, आणि पन्नासावें वर्ष पवित्र मानून पेरूं नये, कापूं नये, गहाण पडलेल्याची जमीन त्याला परत करावी. दिवे, तोरणें व बँड यांपूर्वीं ज्युबिलीचा हा अर्थ आहे : हात आवरणें, आणि दुसऱ्याचा वांटा सोडणें. या मंगल वर्षीं आपल्या पॅरिशमधील प्रत्येक घरांत साठवणीचा डबा भरलेला असो, त्यांतून शेजाऱ्याची वाटी निघो, आणि भूमि व समुद्र यांस परमेश्वरानें नेमून दिलेला विसांवा मिळो, अशी प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरणीं आमची प्रार्थना आहे.